बारा फुल्या

"पण कारण काय, बाई?"

प्राध्यापकांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

बाई शाळेच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. दाणे वाटीत, टरफलं पदरात.

"मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. "शिकवायचे. इतर शिकवतात तसंच."

खंडागळेबाई आमच्या वाडीच्या शाळेत एकतीस वर्षं होत्या. त्यांच्यानंतर सात वर्षं मी आहे, एकटाच. बाई निवृत्त झाल्या, पण अकराच्या ठोक्याला ओट्यावर येऊन बसतात. शिकवत नाहीत, नाक खुपसत नाहीत, नुसत्या बसतात. सुरुवातीला मला त्याचा भयंकर राग यायचा. आता एखाद दिवस आल्या नाहीत तर मला चैन पडत नाही.

प्राध्यापक नेर्लेकर पुण्याचे. शाळकरी मुलांचा विकास कसा होतो, कशानं होतो, यावर त्यांचं संशोधन. नऊ वर्षं, दोनशे बारा शाळा, त्रेसष्ट प्रश्नांची प्रश्नावली. माणूस वाईट नव्हता. फक्त समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो मान हलवायचा.

"बाई, अडतीस वर्षांत या शाळेतून एकाही मुलानं शिक्षण अर्धवट सोडलेलं नाही. आजूबाजूच्या वाड्यांत पाचातलं एक सोडतं. तुमच्याकडे छप्पर गळतं, संगणक बंद पडलाय, दोन खोल्यांत चार वर्ग. माझ्या कुठल्याच तक्त्यात ही शाळा बसत नाही."

"मग नका बसवू."

"कारण सापडलं नाही तर वगळावीच लागेल. दोन वाजता साताऱ्यात समितीसमोर अहवाल ठेवायचाय."

बारा पोरांची आमची शाळा. लांबच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकायच्या यादीत तिचं नाव कधीच लागलं होतं. नेर्लेकर सर चार ओळी बऱ्या लिहितील, ही एकच आशा होती. म्हणून तर सोमवार-मंगळवार मी दुसरं काही केलंच नाही. एकेका पोराला समोर बसवायचं, त्रेसष्ट प्रश्न विचारायचे, गोल रंगवायचे.

सरांनी गठ्ठा चाळला.

"बारापैकी अकराच प्रश्नावल्या भरल्यात. असू दे. एकानं टक्केवारीत काही फरक पडत नाही."

बाईंचा हात शेंगेवरच थांबला.

...

"सर," त्या म्हणाल्या, "एक काम कराल? आजची हजेरी तुम्ही घ्या."

सर हसले. घड्याळ बघितलं. पण म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून आत गेले. मी हजेरीपट हातात दिला. पोरं ताठ बसली.

"रेणुका कोळेकर."

...

कोणी बोललं नाही. सरांनी फुली मारली.

"समाधान वीरकर."

समाधान समोरच बसला होता. सरांकडे टक लावून बघत होता. बोलला मात्र नाही.

"समाधान वीरकर?"

...

सरांनी फुली मारली. "अस्मिता गोरड."

...

एकेक नाव घेत सर खालपर्यंत गेले. पोरं ढिम्म. मी दारात उभा होतो, मला कळत होतं काय चाललंय, आणि बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं होतं.

"संपलं?" बाईंनी ओट्यावरून विचारलं. "किती हजर?"

सरांनी पटाकडे बघितलं. मग समोरच्या अकरा पोरांकडे.

"एकही नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला. "ही काय थट्टा आहे? मुलांनो, बोलत का नाही?"

"सर, रेणूचं राहिलंय," समाधान म्हणाला.

"काय राहिलंय? ती गैरहजर आहे. मी मांडलंय."

"ते आम्हाला पण दिसतंय. ती कुठाय, ते राहिलंय. ते कळल्याबिगर पुढचं नाव घ्यायचं नसतं."

"असा नियम आहे?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. नियम वगैरे त्यांना ठाऊक नव्हता. पाटी दप्तरातून काढतात तसंच ते होतं.

सरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी लगेच मान हलवली नाही.

"बरं. कुठे आहे रेणुका?"

पहिलीतली अस्मिता उभी राहिली. फ्रॉकची कड मुठीत धरून म्हणाली, "तिच्या दारात परवा घोडं बांधलं होतं."



आमच्याकडे दारात घोडं आलं म्हणजे बिऱ्हाड निघालं. दिवाळी झाली की मेंढपाळ मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही पोरं. मिरगाच्या तोंडाला परत येतात. रेणू दरवर्षी मागं राहायची, आजीपाशी.

"आजी आहे ना घरी?" मी विचारलं.

"आजी पडली. पाय मोडला. आत्यानं नेली तिला." अस्मितानं नाक पुसलं. "रेणू काल सकाळीच गेली. रडत होती."

सर पटावर वाकले होते.

"पण काल तर ती हजर आहे," ते म्हणाले. "हे बघा."

होती. माझ्याच अक्षरात. प्रश्नावल्यांच्या गडबडीत दोन दिवस मी नावं घेतलीच नव्हती. संध्याकाळी बसून सगळ्यांपुढे एकदमच हजर मांडून टाकलं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा. मला इतकी लाज वाटली की बाईंकडे बघवेना.

"काल का नाही सांगितलंस, बाळा?" सरांनी अस्मिताला विचारलं.

"तुमचा कागद भरताना सांगणार होते. गुरुजी म्हणाले, जेवढं विचारलंय तेवढंच बोल."

"मग?"

"त्यात रेणूचं नव्हतं."

...

सर त्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. अकरा प्रश्नावल्या, वर रबर लावलेलं. नऊ वर्षं.

ओट्यावर टरफलं झटकल्याचा आवाज आला. बाई उठल्या होत्या, एक हात गुडघ्यावर ठेवून, हळूहळू. वाटी अस्मिताच्या हातात दिली. "सगळ्यांनी वाटून खा. मी आल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही."

मग चपला पायात सरकवल्या आणि सरळ सरांच्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काल निघालेत, म्हणजे आज फार तर घाटाच्या अलीकडे असतील," त्या म्हणाल्या. "मेंढरांबरोबर घोड्यालाही रमतगमतच जावं लागतं."

सरांनी घड्याळ बघितलं. सव्वाअकरा. सातारा एका बाजूला, घाट दुसऱ्या बाजूला.

"बाई, समिती..."

बाईंना गाडीचं दार उघडता येत नव्हतं, त्या नुसत्याच कडीशी खटपट करत होत्या.

मी मनात म्हटलं, गेली शाळा. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला शाळेचं एवढं वाटलंही नाही. डोळ्यांपुढे रेणूच होती.

सर गाडीपाशी गेले. त्यांनी दार उघडलं. बाईंना हात धरून बसवलं.

"तिचे आईवडील नाही म्हणाले तर?"

"तर तिथंच बसायचं."

"किती वेळ?"

"ते तिच्या आईवर आहे. माझ्या घरात एक खाट रिकामी आहे, हे तिला ऐकायला जेवढा वेळ लागेल तेवढा."

सर पलीकडून स्टिअरिंगवर येऊन बसले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, हजेरीपट अजून आपल्याच काखेत आहे. त्यांनी तो मांडीवर उघडला. बारा नावं, बारा फुल्या.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मग आज हजर किती लिहू?"

बाईंनी समोरच्या रस्त्याकडे बोट केलं.

"रेणू गाडीत बसली की विचारा."