दाब शून्य असताना

"आता आणखी काय उरलंय माझ्यात, महाराज?"

यशोधर टाकळकरांनी विचारलं, पण उत्तर आपल्याला ठाऊक असल्याच्या थाटात. कॉलेजातली रसायनशास्त्राची नोकरी आणि घरदार सोडून ते केवलगिरी महाराजांच्या मठात आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. उद्या त्यांना संन्यासदीक्षा मिळायची होती. प्रोफेसरकी मात्र सुटली नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

सकाळी त्यांची पत्नी कुमुद येऊन गेली. टाकळकरांची आई पहाटे वारली होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं इतकी वर्षं कुमुदनेच केलं. तुम्ही एकुलते एक, आम्ही संध्याकाळपर्यंत थांबतो, अग्नी द्यायला या, एवढंच ती म्हणाली. संन्याशाला आई नसते, असं सांगून टाकळकरांनी तिला फाटकातूनच परत पाठवलं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही, हेही त्यांनी महाराजांना आवर्जून सांगितलं.

"खऱ्या वायूचे कण एकमेकांना ओढतात," टाकळकर समजावू लागले. "पुस्तकातल्या आदर्श वायूत ती ओढ नसते. दोघांच्या मुक्त ऊर्जेत जो फरक राहतो, ती अवशिष्ट ऊर्जा. माझं अवशिष्ट आता शून्य आहे."

"खऱ्या वायूचं ते शून्य कधी होतं?" महाराजांनी विचारलं.

"दाब पार काढून घेतला की. मग कुठलाही वायू आदर्शासारखाच वागतो."

बोलून गेले आणि टाकळकर थबकले.

"तुझा दाब इतकी वर्षं कुणी सोसला?"

टाकळकरांना राग आला. महाराजांचा आला, त्याहून जास्त कुमुदचा आला. दीक्षेच्या आदल्या दिवशीच यायचं होतं तिला!

महाराज उठले. संन्याशाने प्रेताला अग्नी द्यायचा नसतो, हा नियम त्यांनीच टाकळकरांना शिकवला होता. त्यांनी अंगावरची भगवी छाटी उतरवली, नीट घडी केली आणि टाकळकरांच्या मांडीवर ठेवली. दोरीवर वाळत असलेला पांढरा पंचा कमरेला गुंडाळला.

"महाराज, हे काय... कुठे निघालात?"

महाराज फाटकापाशी क्षणभर थांबले.

"ती छाटी तुला राहू दे. माझी आई वारली आहे."