बाळगोंड्याची ड्युटी

पंचगंगेच्या काठी एका गावात बाळगोंडा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे बिनकामाचा नव्हे. सांगाल ते काम करायचा. अडचण एवढीच, की सांगाल तेच करायचा. ना गुंजभर कमी, ना गुंजभर जास्त. असा माणूस दुकानात असला तर दुकान महिन्यात बसतं, म्हणून कुणी दुकानात ठेवत नव्हतं. बायको पद्मा वैतागून माहेरी गेली होती. जाताना म्हणाली होती, "पक्की नोकरी लागली की कळवा. तोवर मी हितंच बरी."

गावच्या कॉलेजात शिपायाची एक जागा निघाली. क्रीडाशिक्षक इंगवले सर म्हणाले, "रविवारी फुटबॉलची फायनल आपल्याच मैदानावर हाय. मिरजेचा संघ येतोय. दिवसभर नीट ड्युटी केलीस तर नेमणूक. गडबड केलीस तर घरची वाट."

बाळगोंड्यानं मान डोलावली.

रविवारी सगळं गाव मैदानाकडं लोटलं. हलग्या कडाडत होत्या, पिपाण्या वाजत होत्या, भिंतीवर माणसं, झाडावर माणसं. वर्गात बाकं रिकामी ठेवणारं कॉलेज त्या दिवशी शंभर टक्के हजर. सामना चारला, तरी लोक अकरापासून गेटाबाहेर उन्हात जागा धरून बसले होते. अभ्यासाला एवढा धीर कुणी दाखवला असता, तर कॉलेजला फुटबॉलची गरज पडली नसती.

सरांनी बाळगोंड्याच्या दंडाला पट्टी बांधली, गेटवर उभं केलं आणि बजावलं, "पास न्हाईतर तिकीट दाखवल्याबिगर कुणाला आत सोडायचं न्हाई."

मिरजेचा संघ आला. पास दाखवला. आत गेला. मग आपला संघ आला.

"पास?"

"अरे, आम्ही खेळायला आलोय!" कप्तान इंद्रजित म्हणाला.

"खेळा की. पण पास?"

घरचा संघ घरच्याच गेटाबाहेर अर्धा तास उभा. पाहुणे आत एकटेच पळून पळून अंग गरम करत होते. शेवटी इंगवले सर धावत आले.

"अरे बैला, निळी जर्सी दिसत न्हाई? निळी जर्सी म्हणजे आपला माणूस. दिसली की सोडायची, विचारायचं न्हाई!"

"चुकलं, सर. आता ध्यानात ठेवतो."

त्यानं ध्यानात ठेवलं. गेटासमोरच एक हुशार दुकानदार निळ्या जर्सी विकत होता आणि जर्सी तिकिटापेक्षा स्वस्त होती. पुढच्या पाऊण तासात दोन हजार आपली माणसं फुकट आत गेली. बाळगोंडा प्रत्येकाला रामराम घालत होता. गर्दी कडेच्या पांढऱ्या रेषेला येऊन भिडली.

सर घामाघूम. "सगळं गाव आत घेतलंस की रे! आता गेट सोड, कडेला उभा राहा. ही रेष दिसती? रेषेच्या आत कुणाचं पाऊल पडता कामा नये. कुणाचंबी!"

"कुणाचंबी न्हाई, सर."

सामना सुरू झाला. चेंडू कडेबाहेर गेला. इंद्रजित धावत आला, रेषेबाहेर उभा राहून त्यानं चेंडू दोन्ही हातांनी आत फेकला आणि चेंडूमागं निघाला. बाळगोंड्यानं कमरेला मिठी मारली.

"सोड! मी कप्तान हाय!"

"असशील. आत पाऊल टाकायचं न्हाई."

"अरे, खेळू कसा मग?"

"हितनंच खेळ."

पंचांनी बघितलं. पण दंडाला पट्टी, तोंडावर कसलीही शंका नाही, असा माणूस म्हणजे कुणीतरी अधिकारीच असणार, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात दहा जणांवर पाहुण्यांनी गोल केला. हलग्या गप्प.

मध्यंतरापर्यंत आपल्या पोरांनी कशीबशी बरोबरी केली. सरांचा आवाज बसला होता. "लेका, आपल्याच माणसाला अडवतोस? आपला माणूस अडचणीत दिसला की धावून जायचं असतं. हातातलं काम टाकून!"

"व्हय, सर. हे आवडलं."

उत्तरार्धात इंद्रजित चेंडू घेऊन पाहुण्यांच्या गोलपाशी पोचला. कुणाचा तरी पाय लागला, निदान लागल्यासारखा झाला, आणि इंद्रजित चार कोलांट्या खाऊन पाय धरून विव्हळू लागला. पंचांनी पेनल्टीसाठी शिट्टी तोंडात धरली.

बाळगोंडा धावला. इंद्रजितचा पाय मांडीवर घेऊन चोळू लागला. "लई लागलं का रं, दादा? मोडला का?"

इंद्रजित दातांतून पुटपुटला, "नाटक हाय, लेका. जा तिकडं!"

बाळगोंड्याचा जीव भांड्यात पडला. तो उठला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "पंच, काळजी करू नका! नाटक हाय! काय बी लागलं न्हाई!"

पंचांनी शिट्टी खिशात घातली, पिवळं कार्ड बाहेर काढलं.

तरी कॉलेज जिंकलं. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांच्याच एका पोरानं डोकं लावून चेंडू स्वतःच्या जाळीत घातला. हलगीवाल्यांना त्याचं काय? गुलाल उधळला, आपण काय खेळलो म्हणून लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आनंदात माणूस कशावरही सही करतो. प्राचार्य सरनोबतांनी बाळगोंड्याच्या नेमणुकीच्या पत्रावर सही केली आणि पत्र बक्षिसं आणि वड्यांची खोकी मांडलेल्या टेबलावर फुलदाणीखाली ठेवलं.

"भाषणं झाली की घे," सर म्हणाले. "आता शेवटचं काम. पाहुणे उपाशी निघालेत, रातीच्या आत घरी पोचायचं म्हणून थांबत न्हाईत. त्या टेबलावरचं सगळं त्यांच्या गाडीत नेऊन ठेव. आणि ऐक, एक वस्तू जरी मागं राहिली, तर नोकरी विसर!"

सर मिरवणुकीचा ट्रॅक्टर बघायला गेले. परत आले, तेव्हा टेबल धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि पाहुण्यांची गाडी वेशीपलीकडं धूळ उडवत होती.

"बाळगोंडा, कप कुठाय?"

"गाडीत, सर. वड्यांच्या खोक्यांवर ठेवला. खाली ठेवला असता तर चेपला असता."

सरांनी छातीवर हात ठेवला. "मेडलं?"

"गेली."

"प्राचार्यांचा चष्मा?"

"फुलदाणीत घालून दिला. फुटू नये म्हणून."

मागं प्राचार्य हवेत चाचपडत ट्रॅक्टरवर चढत होते. दोन हजार माणसं कप, कप म्हणून ओरडत होती. सर मटकन खुर्चीत बसले.

"अरे गाढवा, तुझं नेमणुकीचं पत्र तरी ठेवलंस का?"

"न्हाई, सर. सगळं म्हणालासा न्हवं? तेबी दिलं त्यांच्या मास्तरांच्या हातात." बाळगोंड्यानं पट्टी सोडली, नीट घडी घालून सरांच्या हातात दिली आणि विचारलं, "मग सोमवारी मिरजेला किती वाजता हजर व्हायचं?"