आ वासलेले मासे

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात सावळाराम नावाचा एक संशयी माणूस राहत असे. त्याने आपल्या शेतात तळे खणून मासे सोडले होते. वरच्या अंगाला गिरजाकाकूचा भाजीचा मळा होता. तिथून वाहत येणारा पाट त्या तळ्यात पडे.

माशांवर त्याचा भारी जीव. पहाटे ते पाण्यावर येऊन तोंडे उघडमीट करत. बिचारे भुकेले आहेत असे वाटून तो टोपलीभर कोंडा टाकी.

एके सकाळी काही मासे मरून तरंगताना दिसले. अंगावर जखम नाही, डाग नाही. म्हणजे हे विषच, आणि ते येणार वरूनच. काल काकू पाटाशी का वाकली होती? आपल्याला पाहून लगबगीने आत का गेली? त्याने गावभर सांगितले. लोक काकूची भाजी घेईनासे झाले. सावळारामने पाटाचे तोंडही मातीने बुजवले.

मासे आणखीच मरू लागले. आता काकू बांधावरून येऊन विष टाकत असणार, म्हणून त्याने बांधावर काटे रचले. उरलेल्या माशांना ताकद यावी म्हणून कोंडा वाढवला.

शेवटी काकूच तांब्या घेऊन आली. पाटातले पाणी भरून ती त्याच्यासमोर प्यायली आणि रिकामा तांब्या त्याच्या हाती दिला.

“आता तुझ्या तळ्यातलं तू पी. काटे लावलेस ना, मग भीती कसली?”

त्याने तांब्या बुडवला. कुजक्या कोंड्याचा असा भपकारा आला, की तांब्या ओठांपर्यंत नेववेना. बांबूने तळ ढवळला, तर काळा गाळ वर आला.

त्याने पाट मोकळा केला. धार पडताच उरलेले मासे तिच्याखाली गोळा झाले. सवयीने त्याने मूठभर कोंडा टाकला. एकाही माशाने त्याला तोंड लावले नाही. भूक नव्हतीच, सडक्या पाण्यात जीव गुदमरत होता, म्हणून ते आ वासत होते.

“काकू, चुकलो.”

“मला काय सांगतोस? ज्या ज्या दारात माझं नाव घेतलंस, तिथं जाऊन सांग.”

तो दारोदार गेला. पुढे तो मासे खातील तेवढाच कोंडा टाकू लागला, गाळ काढू लागला, पाट कधी बुजवला नाही. मासे लवकर सावरले. काकूच्या भाजीला गिऱ्हाईक यायला मात्र पुढचा हंगाम उजाडला.

तात्पर्य एवढेच: दुसऱ्याच्या पाण्यात विष शोधण्याआधी आपण आपल्या तळ्यात काय टाकतो ते पाहावे.