बुडालेली तोफ

“मग ती तोफ हलत का नाही, बाबा?”

बेटावरच्या पडक्या किल्ल्यात अमीनबाबा नावाचे फकीर राहत. विचारणारा होता इंजिनियर श्रीधर खांबेटे. बुरूज ढासळून समुद्रात पडलेली तोफ पुन्हा जागेवर चढवायची, असा त्याने निश्चय केला होता. दोनदा प्रयत्न झाले. दोन्ही वेळा दोर तुटला.

“दुसऱ्या वेळी धाकू तांडेलाची दोन बोटं गेली ना?” बाबांनी विचारलं.

“हो. चौकशीला माणूस पाठवला होता मी.”

“तू गेलास?”

बाबांनी जाळ्याची दोरी त्याच्या हाती दिली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मुडपून आपल्या मुठीत धरली.

“गाठ मार.”

श्रीधरने मारली. सुटली. पुन्हा मारली. पुन्हा सुटली. त्याला घाम फुटला. बाबांनी मूठ सोडली नाही.

बराच वेळ गेला. श्रीधरने दोरी खाली ठेवली आणि तो धक्क्याकडे चालू लागला.

पलीकडच्या कोळीवाड्यात धाकू तांडेल ओट्यावर बसून जाळं सांधत होता. दोरीचं एक टोक त्याने दातात धरलं होतं.

“दोर झिजलाय, असं तुम्ही सांगितलं होतं,” श्रीधर म्हणाला. “मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, तांडेल.”

धाकूने जाळं बाजूला केलं. बायकोने आतून पाणी आणून ठेवलं.

“तोफेचं वजन किती?” शेवटी धाकूने विचारलं.

“दोन टन.”

“माणसांनी ओढूच नका. भरतीला उचलू दे.”

अमावास्येला उजाडताना पाणी पार ओसरलं. धाकूने दोन मोठ्या होड्या तोफेच्या दोन्ही अंगांना लावल्या, वर आडवे वासे टाकले आणि वाशांना तोफ आवळून बांधायला लावली. दोर नवे होते. तरी प्रत्येक गाठ त्याने स्वतः चाचपली. एक गाठ श्रीधरची होती. ती त्याने सोडायला लावली. श्रीधरने पुन्हा मारली. पुन्हा सोडायला लावली. तिसऱ्यांदा धाकूने नुसती मान डोलावली.

मग सगळे वाट पाहत बसले. पाणी चढत गेलं. वासे करकरले. होड्या खाली दबल्या... आणि दुपारच्या सुमारास चिखलाने तोफ सोडली.

तिला धक्क्याला लावून श्रीधर तसाच ओल्या कपड्यांनी बाबांकडे धावत आला. त्यांच्या पायांशी बसला.

“बाबा, मला शिष्य करून घ्या. आता मी हटणार नाही.”

बाबांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि धक्क्याच्या दिशेने वळवलं.

“जा, पळ. तुझा गुरू होडी सोडतोय.”