गुळाची ओळ

त्या राज्यात मांजरांची लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, आणि जे कोणी उरले होते ते सगळे आपण उंदरांच्याच बाजूचे होतो असं सांगत.

तिथे लिहिणं दातांनी होई आणि वाचणं जिभेनं. लाकडावर कोरलेलं जिभेनं चाचपलं की अर्थ कळे. लढाईच्या दिवसांत कणी नावाची एक कोवळी उंदरीण घरच्यांबरोबर कोठाराच्या छताखाली, फळ्यांच्या तक्तपोशीवर लपली होती. रोज ती एका फळीवर थोडं कोरून ठेवी. मामा झोपेत शेपटी आपटतो. आई माझ्या वाटणीचा दाणा धाकट्याला देते, मला तिचा राग येतो. फटीतून ऊन आलं, बरं वाटलं. शेवटची ओळ अशी होती : शेजारची चिचुंद्री आली होती, आम्ही किती जण आहोत ते विचारून गेली.

पुढची फळी रिकामी होती.

लढाईनंतर त्या घरातली एकटी आई, कोंडाई, परत आली. चिचुंद्र्यांनी फळी शोधून काढली, चौकात घुमटी बांधली आणि दरवर्षी जत्रा सुरू केली. पाहुणे लांबून येतात, त्यांनी सुकं लाकूड काय चाटायचं, म्हणून उन्हाच्या ओळीवर गूळ चोळायची पद्धत पडली. शेवटच्या ओळीला, वाळवी लागू नये म्हणून, कडुलिंबाचा रस लावत. तिथवर आलेली जीभ मागे फिरे.

कोंडाई घुमटीपाशी बसून रांगेतल्या प्रत्येकीला विनवी, "शेवटपर्यंत वाच गं बाई. एवढीशी तर आहे."

"कडू लागतं हो, आजी," एक गुबगुबीत चिचुंद्री म्हणाली. "आणि सणासुदीला कशाला ते? आम्हाला कणी फार आवडते. आमची पोरं दोनदोनदा चाटतात."

"तिला कोणी मारलं, ते सांग पोरांना."

"मांजरांनी, आजी. पाठ आहे त्यांना."

कोंडाईनं स्वतः फळीला जीभ लावली. इतक्या वर्षांच्या चाटण्यानं उन्हाची ओळ गुळगुळीत झाली होती. लेकीच्या दातांची एकही खूण तिथे उरली नव्हती, नुसता गोडवा होता. ती बाजूला जाऊन थुंकली. मग फळीवर चढली आणि झिजलेल्या दातांनी तिनं तेवढा भाग कुरतडून खाली पाडला.

"आता उरलंय ते वाचा," ती म्हणाली.

कोणी वाचलं नाही. रांगेत कुजबुज झाली, की म्हातारीनं कणीचा अपमान केला. चिचुंद्र्यांची थोरली डोळे पुसत म्हणाली, "दुःखानं भ्रमिष्ट झालीय बिचारी. तिला सावलीत न्या, पाणी द्या." दोघी कोंडाईला हाताला धरून घेऊन गेल्या. खराब झालेली फळी जपून ठेवण्यासाठी मागच्या खोलीत गेली आणि खोलीला कडी लागली.

दुपारपर्यंत नवी फळी आली. चिचुंद्र्यांच्या सुतारानं तिच्यावर एकच ओळ कोरली होती, उन्हाची. ती त्यानं कणीपेक्षा बरीच खोल घेतली होती, गूळ जास्त मावावा म्हणून. रांग पुन्हा लागली. पहिल्या पोरानं ओळ चाटली, भक्तिभावानं डोळे मिटले, आणि मिशा पुसत धावत जाऊन ते रांगेच्या शेवटी उभं राहिलं.