परातीतला सातवा खडा

फार वर्षांपूर्वीची म्हणून ही गोष्ट सांगतात. मला काही ती तितकी जुनी वाटत नाही.

बर्फाच्या डोंगरांमध्ये एक गाव होतं. गावाच्या वर एक मोठं तळं होतं, आणि ते अडवून धरायला ना दगडाचा बांध होता ना मातीचा; होती ती नुसती बर्फाची भिंत. कैक पिढ्या ती भिंत जागची हलली नव्हती. त्यामुळे गावकऱ्यांनी मान वर करून तिच्याकडे बघणंही सोडून दिलं होतं.

बघणारा एकच माणूस होता. त्याला सगळे खुणेकरी म्हणत. दर उन्हाळा सरताना डोंगर चढायचा, बर्फाची कड जिथे संपते तिथे एक दगड रोवायचा आणि त्यावर छिन्नीनं ते साल कोरायचं, हे त्याच्या घराण्याचं काम. आजोबांचे दगड एकमेकांना खेटून होते. वडिलांच्या दोन दगडांत पाच-सहा पावलं पडायची. त्याच्या स्वतःच्या दोन दगडांत आता पन्नास पावलं पडत होती, आणि प्रत्येक नवा दगड आधीच्यापेक्षा वर चढत चालला होता. बर्फ मागे सरत होता आणि तळं भरत होतं.

हे का होतंय, ते काही गुपित नव्हतं. गाव तेलावर जगत होतं. काळं, दाट तेल पलीकडच्या खोऱ्यातून खेचरांवर यायचं, चामड्याच्या बुधल्यांत भरून. त्यावर चुली पेटायच्या, शेगड्या धगधगायच्या. त्याचा धूर वर जायचा, काजळी बर्फावर बसायची, आणि काळवंडलेला बर्फ उन्हात लवकर पाघळायचा. शिवाय ते तेल होतं पलीकडच्या सरदाराच्या मालकीचं. एका हिवाळ्यात त्याची कशावरून तरी मर्जी फिरली आणि वीस दिवस खेचरं आली नाहीत. त्या वीस दिवसांत गावात पंधरा माणसं गारठून मेली. एकविसाव्या दिवशी खेचरं आली तेव्हा गावानं त्यांच्या गळ्यात हार घातले. आपला गळा ज्याच्या मुठीत आहे त्याच्या जनावरांना हार! पण पोटात थंडी शिरली की माणसाला लाज उरत नाही.

तेव्हापासून गावात वाद सुरू झाला, की तेलाचं करायचं काय.

आता या गावची एक रीत सांगितली पाहिजे. मोठा निर्णय चावडीत व्हायचा, सात पंचांसमोर. कुडकुडणारा माणूस घाईत भलतंच ठरवतो, म्हणून वाडवडिलांनी नियम घालून दिला होता: प्रश्न सुटेपर्यंत चावडीची मोठी शेगडी अहोरात्र पेटती ठेवायची. प्रत्येक पंचाजवळ एक पांढरा खडा असायचा. पटलं की त्यानं तो तांब्याच्या परातीत टाकायचा. सातही खडे पडले की सातही पंचांनी एकेक तांब्या पाणी ओतून शेगडी विझवायची, आणि त्याच दिवशी ठरलेलं अमलात आणायचं. सहा खडे पडून भागत नसे.

रीत शहाणपणाची होती, यात वाद नाही. पण पूर्वीचे प्रश्न दोन-चार दिवसांत सुटत. हा प्रश्न अकरा वर्षं चालला, आणि अकरा वर्षं चावडीची शेगडी पेटती राहिली. अख्ख्या खालच्या आळीला लागत नसेल इतकं तेल ती एकटी खात होती. मेंढपाळ पंच एकदा म्हणाला, की तेल सोडावं की नाही यावर बोलताना आपणच सगळ्यांत जास्त तेल जाळतोय, तर निदान बसू या थंडीत. त्याच्या या सूचनेवर दोन महिने चर्चा झाली. शेगडी पेटती ठेवून, अर्थात.

वाद मोठ्या हिरीरीनं चालायचा. तेलाची कोठी सांभाळणारा पंच म्हणे, तेलाशिवाय येता हिवाळा निघायचा नाही. तो काही दुष्ट नव्हता. त्या पंधरा माणसांत त्याची आई होती. मेंढपाळ म्हणे, तीन घरांनी एका चुलीवर रांधा, खिंडीतल्या वाऱ्यावर चक्क्या बसवा, त्यांच्या घासण्याची ऊब घ्या. त्यावर लोक हसत आणि विचारत, की वारा पडला तर काय चक्कीला फुंकर घालायची?

आणि लोहारीण पंच बोलायची ती तापत्या दगडाबद्दल. तो तिला डोंगराच्या पोटात सापडला होता. मुठीएवढा तुकडा, पण धूर नाही की ज्वाळा नाही. शिशाच्या जाड भिंतीआड ठेवला तर पन्नास घरांना सात हिवाळे ऊब देईल असा. पण तो निवल्यावर त्याची राख उरायची. त्या राखेला ज्याचा हात लागला तो महिन्याभरात झिजून मरायचा, आणि ती राख शंभर पिढ्या तशीच जहरी राहायची. उगवतीकडच्या एका खोऱ्यात शिशाच्या भिंतीला चीर गेली होती, आणि ते खोरं अजून ओस होतं. लोहारीण यातलं काही लपवत नसे. म्हणे, त्यांनी भिंत पातळ घातली, मी जाड घालीन.

सातवा पंच खुणेकरी. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. म्हणून तर त्याला पंच केला होता, आणि या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता. प्रत्येकाच्या बोलण्यातली खोट त्याला बरोबर दिसायची. खोटी खोट तो कधीच काढत नसे, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं.

या खुणेकऱ्याला एकुलती एक लेक होती, सगुणा. आई तिच्या लहानपणीच गेली, तेव्हा बाप तिला पाठीशी बांधून डोंगर चढायचा. आता ती खालच्या आळीत नांदत होती, ओढ्याच्या काठावर. घरात नवरा आणि दोन लहान मुली. तळं फुटलंच, तर पाणी सगळ्यांत आधी त्याच आळीवर येणार होतं.

अकराव्या वर्षी, उन्हाळा सरत आला असताना, सगुणा बापासाठी जवाच्या भाकरी घेऊन वर आली. बाप जेवत असताना ती म्हणाली, "आप्पा, ओढ्याला दुपारचा वेगळाच आवाज येतो हल्ली. पाणीही गढूळ येतंय. यंदाचा दगड कुठे रोवलात?"

"सत्तर पावलं वर," खुणेकरी म्हणाला. तिच्याशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

तिनं आणखी एक भाकरी त्याच्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "पोरींना घेऊन तुमच्याकडे राहायला येऊ का? निकाल लागेपर्यंत."

म्हाताऱ्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. घर मोठं होतं, रिकामं होतं. नातींच्या आवाजासाठी त्याचा जीव आसुसलेला होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे चावडी आली. लोक म्हणणार, पंचानं निकालाआधीच लेकीला वर हलवलं, म्हणजे याचं ठरलेलंच आहे, मग हा कसला मधला माणूस?

"थोडं थांब, बाळ," तो म्हणाला. "निकाल जवळ आलाय. सगळी आळीच वर येईल, तेव्हा तूही ये."

सगुणानं वाद घातला नाही. बापाचा शब्द तिला मोठा होता. भाकरीचं रिकामं फडकं झटकून तिनं त्याची घडी घातली आणि ती उतरून गेली.

निकाल खरंच जवळ आला होता. सत्तर पावलांचं ऐकून सगळ्यांची पाचावर धारण बसली. कधी नव्हे ते पंच एकमेकांचं ऐकू लागले. ठरत गेलं ते असं: हिवाळ्यापुरता लोहारणीचा दगड, जाड भिंतीआड, खिंडीत वाऱ्याच्या चक्क्या, तीन घरांत एक चूल, तेल फक्त आजाऱ्यांसाठी आणि तेही दरवर्षी कमी. आणि सगळ्यांत आधी, खडे पडतील त्याच दिवशी, खालची आळी वर हलवायची. कुणाच्या घरात कोण राहील याची यादीसुद्धा तयार झाली. सगुणाचं नाव बापाच्याच घरापुढे होतं.

लोहारणीनं खडा टाकला. मेंढपाळानं टाकला. कोठीवाल्यानं खडा टाकताना डोळे पुसले, पण टाकला. इतर तिघांनी टाकले. सहा खडे परातीत पडले आणि सगळ्यांनी खुणेकऱ्याकडे पाहिलं.

खडा त्याच्या मुठीत होता. हात परातीवर आलाही होता. तेवढ्यात त्याला एक शंका आली, आणि तो म्हणाला, "ती राख शंभर पिढ्या जहरी राहणार. तोवर आपली भाषा बोलणारं कुणी उरायचं नाही. मग हात लावू नका म्हणून मी राखेच्या पेटीवर जी खूण कोरीन, ती वाचणार कोण?"

प्रश्न खरा होता. आयुष्यभर खुणा कोरलेल्या माणसाखेरीज तो कुणाला सुचलाही नसता. लोहारणीनं सांगितलं, की याचं उत्तर आज माझ्यापाशी नाही.

"मला आठ दिवस द्या," खुणेकरी म्हणाला.

मेंढपाळ म्हणाला, निदान आळी तरी आजच हलवू या. पण आळी हलवणं निकालाचा भाग होतं, आणि सातव्या खड्याशिवाय निकाल नव्हता. रीत मोडायची कशी? आणि अकरा वर्षं थांबलो तिथे आठ दिवस काय जड आहेत, असं सगळ्यांनाच वाटलं. तेव्हा बुधला आणून शेगडीत आणखी तेल ओतलं आणि पंच आपापल्या घरी गेले.

खुणेकरी मात्र चावडीतच बसला. पाटीवर खुणा काढायचा आणि पुसायचा. कवटी काढून पाहिली, जळका हात काढून पाहिला. एकही मनास येईना. चौथ्या दिवशी सगुणानं निरोप पाठवला, की पाणी उंबऱ्याला लागलंय. त्यानं उलट निरोप दिला, की चारच दिवस.

पाचव्या दिवशी भर दुपारी, लख्ख ऊन पडलेलं असताना, डोंगरावर मोठा आवाज झाला. खुणेकऱ्याला वर बघावंच लागलं नाही. तो धावत चावडीच्या कठड्याशी आला तेव्हा खालची आळी अजून जागेवर होती. त्याला सगुणाचं छप्पर दिसलं, दारात वाळत घातलेलं लोकरीचं कांबळं दिसलं. मग काळं पाणी आलं, मोठमोठे बर्फाचे तुकडे आणि झाडं घेऊन, आणि काही वेळानं तिथे बघण्यासारखं काही राहिलं नाही.

एकशेचाळीस माणसं गेली. त्यांत तीन पंच होते, लोहारीणही होती. सगुणा तिसऱ्या दिवशी सापडली. धाकट्या मुलीला तिनं पाठीशी बांधलेलं होतं, बापानं तिला बांधलं होतं तसंच. थोरली आणि तिचा बाप सापडलेच नाहीत.

अग्नी द्यायचा तिघींना होता, पण देहच दोन होते. दोघींना निरोप देऊन खुणेकरी चावडीत आला. शेगडी पेटलेलीच होती. प्रश्न सुटला नव्हता ना! परातीत सहा खडे पडून होते. त्यानं सातवा खडा टाकला. मग तांब्या उचलला आणि बाहेर निघाला, तेव्हा कोठीवाल्यानं हळूच आठवण करून दिली, की सात पंचांचे सात तांबे लागतात आणि आपण चौघेच उरलो.

खुणेकरी तांब्या घेऊन निघालाच. पुराचं पाणी साचलं होतं तिथवर तो सात वेळा उतरला आणि सात वेळा चढला. सात तांबे त्यानं एकट्यानं ओतले. अकरा वर्षांत पहिल्यांदा चावडीत अंधारून आलं, गार झालं. त्या गारठ्यात उरलेली माणसं दाटीवाटीनं बसली आणि जे ठरायचं ते दिवस मावळायच्या आत ठरलं. जवळजवळ तेच ठरलं, जे पुराआधीच परातीत पडलं होतं.

पेटीवर कोणती खूण कोरायची, याचं पक्कं उत्तर खुणेकऱ्याला पुढेही मिळालं नाही. तो मरेपर्यंत शोधत राहिला. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, आणि मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते याचंच.

डोंगरावर मात्र तो परत गेला नाही. त्यानं शेवटचा दगड खाली रोवला, रेतीत, जिथे ओढ्याकाठी लेकीचा उंबरा होता तिथे. काही वर्षांनी पलीकडच्या खोऱ्यातला एक वाटसरू तिथून चालला होता. दगडाशी बसलेल्या म्हाताऱ्याला त्यानं विचारलं, की बर्फाच्या खुणेचा दगड इतक्या खाली कसा, इथवर कधी बर्फ होता का?

"नाही," म्हातारा म्हणाला. "इथे माझ्या लेकीचं घर होतं. मी विचार करायला आठ दिवस मागितले होते."

"मग मिळाले का?"

"मिळाले," म्हातारा म्हणाला. "कुणीच नाही म्हटलं नाही."

तात्पर्य: शंका जरूर विचारावी, पण घरातली माणसं आधी सुरक्षित जागी न्यावीत आणि मग विचारत बसावं. आपलं ठरेपर्यंत आग काही जळायची थांबत नाही.