गासडी बंदरची उलटी झडती

गासडी बंदरच्या दगडी कमानीखाली पाहुण्यांना पहिला धक्का पहारेकरीच देतो. पिशवी उघडा म्हणण्याआधी तो स्वतःचे दोन्ही खिसे उलटे करतो, टोपी काढून झटकतो आणि हात वर करून उभा राहतो. आतल्या गोदामांत आता चित्रकारांचे स्टुडिओ आहेत, कुंभारकामाची भट्टी आहे, नाटकवाल्यांची तालीम चालते. जिथे कापसाच्या गासड्यांच्या थप्प्या लागत, तिथे लोक कॉफी पीत बसतात. तेव्हा हाही कुठल्या तरी नाटकाचा भाग असेल, असे वाटून काही जण टाळ्या वाजवतात. कृपा करून वाजवू नका. ही रीत स्टुडिओंच्या कितीतरी आधीची आहे आणि ती एका उशीवरून सुरू झाली, असे सांगतात.

तेव्हा या धक्क्याला गलबते लागत आणि देशावरचा कापूस इथून विलायतेला जाई. दोन-अडीचशे बायका गोदामांत कापूस निवडायला होत्या. संध्याकाळचा भोंगा झाला की एकेकीने कमानीखाली यायचे, पदर झटकायचा, ओचा झटकायचा, अंबाडा सोडून दाखवायचा. समोर सुभाना हवालदार डोळ्यांत तेल घालून उभा.

सुभाना साताऱ्याकडचा, पलटणीतून परतलेला. भर वैशाखातही तो अंगातला लोकरी डगला उतरवीत नसे. त्याला पितळेची बटणे होती ना! स्वभाव असा संशयी, की बायकोने भाकरी जरा पातळ थापली तर पीठ शेजारी गेले असेल, असे त्याला वाटे. माणूस मात्र सचोटीचा. गोदामातली काडीसुद्धा त्याने कधी घरी नेली नव्हती, निदान त्याची तशी खात्री होती. सचोटीच्या माणसाला संशयाची खोड लागली की फार वाईट, तो सगळ्या गावाची झाडाझडती घेतो आणि स्वतःला सोडून देतो.

एका वर्षी गोदामात कापूस वजनाला तुटू लागला, म्हणे. गोदामाच्या साहेबाने सुभानाला सुनावले, अमावास्येच्या आत चोर धर, नाहीतर कमरेचा पट्टा काढून ठेव. झाले, हवालदाराची झोप उडाली. तो बायकांच्या भाकऱ्या मोडून बघू लागला, पाण्याच्या कळशीत हात घालू लागला. आणि एका संध्याकाळी हौसा नावाच्या निवडणारणीच्या अंबाड्यातून चिमणीच्या अंड्याएवढा पुंजका खाली पडला.

“ह्यो काय?” हवालदाराने दरडावले.

“कापूस,” हौसा म्हणाली. “दिसभर कापसात बसून डोईला मोगरा चिकटंल व्हय?”

बायका खदखदून हसल्या आणि तिथेच बिनसले. बटणवाल्या माणसाला हसू सोसत नाही. त्याने तिला थेट साहेबासमोर उभे केले. साहेबाने हुकूम दिला, की उद्या भोंग्याच्या वेळी बंदराच्या प्रत्येक फाटकावर हिचे नाव चोर म्हणून पुकारा. एकदा नाव पुकारले की कुठलेच गोदाम दारात उभे करीत नसे, आणि हौसाच्या घरची चूल तिच्या एकटीच्या हातांवर पेटत होती.

हौसा रडली नाही. ती कमानीच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “म्या चोर आसंन तर खुशाल पुकारा. पर ज्यानं माजी झडती घेतली, त्यानं आदी आपली द्यावी. तवर पान्याचा थेंब घ्यायची न्हाई.”

“पहारेकऱ्याची झडती कोन घेतं? खुळी हायेस का?” सुभाना म्हणाला, आणि तिला ओलांडून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी निघाला, तेव्हाही ती तिथेच होती, ओठ सुकलेले. जेवून त्याने जरा पाठ टेकली. गेले कित्येक दिवस झोप नव्हती, म्हणून की काय, आज पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आले की डोक्याखाली मऊ लागते आहे. चिंध्यांची उशी मऊ कशी? तो ताडकन उठला. संशय आधी बायकोवरच गेला.

“ठके, ही उशी कुनी दिली तुला?”

“देतंय कोन?” ठकूबाई कौतुकाने म्हणाली. “तुमीच आनता की रोज. डगला झटकला का चिमूट-चिमूट निगतं. टाकायचं कशाला? दीड वर्सात येक उशी झाली, दुसरी निम्मी भरलिया.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बायका पदर झटकत, तो नाकाशी उभा राही, आणि उडालेला कापूस लोकरीला धरून बसे. आता, एका उशीने का गोदाम तुटते? बाकीचा कापूस कुठे गेला ते कुणालाच कळले नाही. साहेबाच्या बंगल्यावरच्या गाद्या कुणी उसवून पाहिल्या नव्हत्या. पण सुभानाला हा हिशेब सुचला नाही. त्याला फक्त लाज वाटली, मरणाची लाज.

उशी काखेत मारून तो खाडीकडे निघाला. कुणाला ठाऊक नव्हते, कळणारही नव्हते. काही जण सांगतात, की त्याने ती पाण्यात टाकली आणि भरतीने आणून कमानीला लावली. ज्यांनी भिजलेली उशी कधी उचलली नाही, ते असले चमत्कार सांगतात. खरे एवढेच, की खाडीच्या काठावरून त्याला उन्हात बसलेली हौसा दिसली आणि उशी टाकायला त्याचा हात पुढे होईना.

भोंगा झाला. साहेब बाहेर आला, पुकारणारा तयार होता. इतक्यात सुभाना डोक्यावर उशी घेऊन आला, ती हौसापुढे ठेवली आणि हात वर केले. “बाई, घे माजी झडती.”

हौसा कशीबशी उठली. तिने त्याचा डगला झटकला, तेव्हा रुईच्या म्हाताऱ्या उडाव्यात तसे पुंजके उडाले. मग तिने दाताने उशीचा टाका तोडला. जे निघाले ते सगळ्या बंदराने पाहिले. तिचे नाव पुकारले गेले नाही. साहेबाने तिथल्या तिथे हवालदाराचा पट्टा उतरवला.

दुसऱ्या दिवशी नवा पहारेकरी आला. त्याने खिसे उलटे करून दाखवीपर्यंत एकही बाई कमानीकडे पाऊल टाकीना. दोन-अडीचशे बायका, तो तरी काय करणार? त्याने दाखवले.

सुभानाला मात्र कोणी काम देईना. शेवटी हौसानेच त्याला आपल्या टोळीत पाट्या उचलायला लावले. विश्वास बसला म्हणून नव्हे, डोळ्यांसमोर राहावा म्हणून, असे ती सांगे. पहिल्या संध्याकाळी तो साध्या बंडीत कमानीखाली आला आणि आपणहून हात वर करून उभा राहिला. नवा पहारेकरी पुढे होईना. तेव्हा हौसा आली. तिने त्याचे मुंडासे सोडायला लावून झटकले, बाह्या उलट्या करून पाहिल्या, सावकाश, काही न सोडता. मग साहेबाच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “काय न्हाई. जाऊ द्या ह्यास्नी.”

पलटणीत गोळी लागली तेव्हा न रडलेला हवालदार तिथे रडला, असे सांगतात.

आजही इथला पहारेकरी हात वर करून उभा राहतो, तो ‘काही नाही, जाऊ द्या’ एवढे शब्द ऐकण्यासाठी. ते ऐकल्याशिवाय तो हात खाली घेत नाही. तेव्हा म्हणा जरूर, पण खिशांत नीट डोकावून म्हणा. न बघताच म्हणणाऱ्याची पिशवी तो दोनदा तपासतो.